पितळ परत कर

लुईसटाउन, २२ एप्रिल

आर्डिस,

सासूबाई म्हणायचा हक्क कोर्टाने काढून घेतला, म्हणून नावानेच लिहिते. राग आला तर येऊ दे. फोन करणार नव्हते. तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलंच तर "हं" करून ठेवून देता. पत्राचं तसं नाही. फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

कामाचं बोलते. मला नदीकाठच्या ब्रेक्सच्या घळींमधला एल्कचा, त्या मोठ्या सांबराचा, शिकारीचा परवाना लागला. दर वर्षी सोडतीत नाव घालत होते. तुमचा लाइल हसायचा, "नोला, तुझ्या नशिबात ससासुद्धा नाही," म्हणायचा. आता लागला. तुमच्या नवऱ्याने, मेल्विनने, मरेपर्यंत नाव घातलं आणि त्याला लागला नाही, तेव्हा हा किती वेळा लागतो ते मी तुम्हाला सांगायला नको. यंदा गेले नाही तर पुन्हा माझी पाळी येईपर्यंत मी काठी टेकत असेन.

बंदूक तीच आहे. लग्नात तुम्ही दिलेली, तुमच्या बंदुकीची जुळी. तिचं काडतूस आता कुठल्याच दुकानात नाही. इथल्या दुकानात विचारलं तर काउंटरवरचा दाढीवाला म्हणाला, "बाई, हे नाव मी आजोबांच्या तोंडून शेवटचं ऐकलं." तुम्ही भरलेल्यांतली मूठभर उरलीत. सात वर्षं पुरवली मी, लोणच्याच्या शेवटच्या बरणीसारखी.

भरून द्या म्हणत नाही. ते आधीच सांगून टाकते. कोर्टाच्या पायऱ्यांवर चार लोकांत तुम्ही मला काय म्हणालात ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. नवरा सुटला, घर सुटलं, कुरणं सुटली, मी हातात एक बॅग घेऊन उभी, आणि तुम्हाला काय आठवावं? "माझं पितळ परत कर." उडवलेल्या काडतुसांची रिकामी पितळं! माणूस चाललंय आणि हिला भंगाराची पडलीय, असं आलं मनात. म्हणून नाही केलं परत. कॉफीच्या मोठ्या डब्यात अजून आहे, पलंगाखाली. झाडताना दर वेळी पायाला लागतं.

पण काडतूस भरताना मी नीट बघितलंय असं माणूस एकच, आणि ते तुम्ही. दुसरं कोणी मला माहीत असतं तर हे तिकीट तुमच्यावर खर्च केलं नसतं.

तर सांगा, सामान काय घेऊ? दाढीवाल्याने एक मोठं यंत्र दाखवलं. निळं, पाच भोकांची फिरती थाळी, वर नळ्या, डबे. दांडा एकदा खाली ओढला की पाच कामं एकदम होतात. तळाची जुनी, ठिणगी पाडणारी टिकली निघते, नवी बसते, बंदुकीची दारू पडते, गोळी बसते, आणि खाली पेटीत तयार काडतूस टपकतं. तो म्हणाला, "नवऱ्याला वाढदिवसाला द्यायचंय का?" मी म्हटलं, "नवरा परत केला. यंत्र माझ्यासाठीच." मला ते आवडलं. सकाळी सुरू केलं तर दुपारपर्यंत हंगामाची सोय. घेऊ का?

नोला

---

लुईसटाउन, ९ मे

आर्डिस,

कार्ड पोचलं. सात वर्षांनी चार ओळी लिहिल्यात आणि त्यातही शिव्याच. पोस्टातल्या बाईने आधीच वाचलं असणार, कार्ड देताना ओठ चावत होती. "एका वेळी एकच काम करणारं घे. तू उतावळी आहेस. उतावळ्या बाईच्या हाती पाचकलमी यंत्र आलं की एखाद्या पितळात दारू दोनदा पडते. मग बंदूक तोंडावर फुटते, आणि तुझं तोंड आधीच फार देखणं नाही."

तुमचं तरी कुठे आहे.

पण घेतलं तुम्ही म्हणालात तेच. दुकानातून नाही. गावाबाहेर एका म्हाताऱ्याच्या मागे त्याच्या मुली सगळं विकत होत्या, गॅरेजमध्ये मांडून. तिथे एक कोपऱ्यात पडलेलं. बिडाचं, हिरवा रंग अर्धा उडालेला, एकच साचा बसतो, एकच दांडा. उचलायला गेले तर पाठीतून कळ आली. पोरीने विचारलं, "हे काय असतं हो? संत्र्याचा रस काढायचं का?" मी म्हटलं, "हो." स्वस्तात सुटलं.

ते बघताना तुमची धुण्याची खोली आठवली. नको होती, पण आठवली. उत्तरेची खिडकी, खाली ते जाड फळ्यांचं टेबल, आणि तुम्ही पिठाचा वाटेल असा एप्रन घालून. टेबलावर दारूचा डबा एकच. दुसरा उघडायचा तर पहिला कपाटात जाऊन कुलूप लागल्यावर. कॉफी आत आणायची नाही, रेडिओ लावायचा नाही. लाइल दारात आला की तुमचे हात थांबायचे. "बोल आणि जा." तो बोलायचा आणि जायचा. कोणाचं ऐकत नसलेला माणूस, तिथे ऐकायचा.

मला मात्र म्हणाला होतात, "तोंड बंद ठेवणार असशील तर बस." मी बसले. तुम्ही भोकांच्या फळीत पितळं रांगेने उभी केलीत, दारू तोलून घातलीत, आणि मग गोळ्या बसवायच्या आधी टॉर्च घेऊन एकेकात वाकून बघितलंत. सगळ्यांत. दाताचा डॉक्टर बघतो तसं. मी विचारलं, "आत्ताच तर घातलीत, पुन्हा काय बघता?" तुम्ही म्हणालात, "घातली असं मला वाटतंय. आहे की नाही ते बघतेय."

तेव्हा मला वाटलं होतं, ही बाई वेडी आहे. मी आता मांसाच्या दुकानात काम करते, एल्क-हरणं कापून, गुंडाळून, नाव घालून देते. दुसऱ्याचं मांस दुसऱ्याच्या पुडक्यात गेलं की काय होतं ते बघितलंय. तेव्हापासून मीपण पुडकं बांधायच्या आधी पुन्हा बघते. कोणाकडून शिकले ते दुकानात सांगितलेलं नाही.

आता तराजू. दाढीवाला म्हणतो बॅटरीचा घ्या, आकडा लगेच उमटतो. काट्याचाही आहे, तुमच्यासारखा, चाकूच्या धारेवर डुलणारा. तो डुलत असताना मला ओरडावंसं वाटतं. कोणता?

नोला

---

लुईसटाउन, ३ जून

आर्डिस,

काट्याचाच घेतला. "तो डुलतो तेवढा वेळ तुझे हात रिकामे राहतील, तेच हवंय." बरं. समजलं. आणि पुस्तकही घेतलं, जाडजूड. नववीत शाळा सोडल्यानंतर एवढं जाड पुस्तक हातात घेतलं नव्हतं. बोट ठेवून एकेक ओळ वाचते. एका आकड्याखाली रेघ मारली तर वाटलं, वरच्या ओळीचा आकडा खालच्या काडतुसाला लागला तर? म्हणून आता पट्टी ठेवून वाचते.

पण आज वेगळंच झालंय आणि तुम्ही हसणार आहात, तर हसून घ्या.

साचा बसवला. तुमच्या त्या डब्यातली पितळं काढली, हो, तुमचीच, दुसरी कुठून आणू. पहिलं खोबणीत बसवलं आणि दांडा ओढला. अर्ध्यात जड लागलं. मी म्हटलं, नवीन आहे, असेल असंच. जोर लावला. वर गेलं. खाली काही येईना. पितळ साच्यात गच्च. मी दांड्यावर लोंबकळले, आर्डिस. दोन्ही पाय जमिनीवरून उचलून. मग एक आवाज झाला, मला वाटलं सुटलं, आणि टेबलच भिंतीतून स्क्रूंसकट उपटून माझ्या मांडीवर आलं. पितळाची खालची कड तुटून खोबणीत राहिली, बाकीचं अजून साच्यात आहे. मांडी जांभळी झालीय.

शेजारचा विचारत आला, "नोला, गाडी धडकली का?" "हो," म्हटलं, "घरात."

आता साचा फेकू का? नवीन घ्यावा लागेल?

नोला

---

लुईसटाउन, १५ जून

आर्डिस,

"मेण लावलं नाहीस." पूर्ण पत्रात एवढंच. बाकी कोरा कागद. कोरा कागद एवढा बोलू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

नाही लावलं. पुस्तकात होतं, मी पान उलटलं होतं. आणि पाठच्या बाजूला बारीक अक्षरात तुम्ही साचा मोकळा करायची पद्धत लिहिलेली. ती मला दोन दिवसांनी दिसली, कागद चुलीत टाकायला घेतला तेव्हा. पुढे लिहायला काय झालं होतं? पण तसंच केलं. बुडात भोक पाडलं, आटे पाडले, स्क्रू घातला, पाना फिरवला, आणि पितळ दात उपटल्यासारखं बाहेर आलं. साचा शाबूत.

खाली लिहिलंय, "मी पहिल्या वर्षी दोन अडकवली होती. मेल्विन आठवडाभर हसत होता." हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत. मला वाटायचं तुम्ही जन्मालाच एप्रन घालून आलात.

आता चिमटीत थोडं मेण घेते, पितळावर बोटं फिरवते, आणि दांडा लोण्यातून गेल्यासारखा जातो. एकेक करून सगळी झाली. मग लांबी मोजली, वाढलेली तोंडं कापली, आतल्या-बाहेरच्या कडा घासल्या. टिकल्या हातयंत्राने बसवल्या, ते पकडीसारखं असतं ते. अंगठ्याला कळतं टिकली तळाला टेकली ते. तुम्ही डोळे मिटून का बसवायचा ते कळलं.

सगळ्यात आश्चर्य म्हणजे वेळ गेलेला कळला नाही. मला!

नोला

---

लुईसटाउन, २८ जून

आर्डिस,

आज खडीच्या खाणीत गेले. वाळूची पिशवी, बंदूक, माझी पहिली काडतुसं. पुस्तकातला सगळ्यात हलका भार घातला होता, दोनदा तोललेला, टॉर्च मारून बघितलेला.

पहिली उडवली आणि खांद्यात कोणी घण घातला.

तुमच्या काडतुसांनी असं कधी झालं नाही. मी घाबरले. चुकलं म्हटलं, जास्त पडली, थोडक्यात वाचले. पितळ बघितलं, टिकली बघितली, पुस्तकात धोक्याची जी चिन्हं आहेत त्यातलं एक नाही. मग तुम्ही भरलेल्यांतलं एक घातलं. मऊ. घोड्याने नाकाने ढोसलं तसं. पुन्हा माझं. पुन्हा घण.

घरी येऊन माझी उरलेली सगळी, गोळी उपटायची ती पोकळ हातोडी असते तिच्यात ठोकून उघडली, दारू परत तोलली. बरोब्बर. मग तुमचं एक उघडलं. देवाशप्पथ, मला ते उघडताना चोरी केल्यासारखं वाटलं. आत दारूच वेगळी. पुस्तक बोट ठेवून पुन्हा चाळलं, शेवटी शेवटी एक पान सापडलं, हलक्या भारांचं. पोरांसाठी आणि दुखऱ्या खांद्यांसाठी, असं वर लिहिलंय.

आर्डिस, मला किती वर्षं तुम्ही पोरांची काडतुसं देत होतात?

नोला

---

लुईसटाउन, १६ जुलै

आर्डिस,

तुमचं उत्तर चार वेळा वाचलं. म्हणजे त्या घोडीने मला कुंपणावर फेकलं आणि गळ्याचं हाड मोडलं, त्या हिवाळ्यापासून. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. "सांगितलं असतं तर तू घेतली नसतीस. जवळ जा म्हणून सांगत होते ना."

होतात. दर हंगामाला, डबा हातात ठेवताना. "जवळ जा, मग मार." मला वाटायचं टोमणा आहे. माझा नेम कच्चा म्हणताय. मी चिडून इतकी जवळ जायचे की जनावराचा वास यायचा.

आणि थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर मी काय काय बोललेय! लाइलला, त्याच्या भावाला, त्या भावाच्या नाजूक बायकोला. "बायकांना बंदुकीची लाथ लागते म्हणे! मला तर कळतसुद्धा नाही!" दर वर्षी. लाइल म्हणायचा, "हिचा खांदा रेड्याचा आहे." तुम्ही बटाटे वाढत असायचात. एकदा तुम्ही मला जास्तीचा चमचा वाढलात, एवढं आठवतं. एक शब्द बोलला नाहीत. स्वतःच्या मुलाला नाही, माझ्या मागे नाही, मी घर सोडल्यावरसुद्धा नाही, जेव्हा सगळा तालुका माझ्यावर काहीबाही बोलत होता.

मी रागावले आहे. मला मूर्ख बनवलंत. पण खरं सांगू? असं तोंड बंद ठेवणं मला आयुष्यात अर्धा तास जमलं नाही. तुम्ही त्या टेबलाशी बसून दर वर्षी दुसरा डबा उघडत होतात, पहिला कुलपात ठेवून, फक्त माझ्यासाठी. कामाला कुठे लागतं एवढं.

एल्कसाठी मी पुस्तकातलाच भार घेणार. खांद्याला सवय करतेय, दर रविवारी थोडी. पण जवळ जाणार. ते आता हाडात गेलंय.

नोला

---

लुईसटाउन, १९ सप्टेंबर

आर्डिस,

शेल्बी येऊन गेली. तुमची नात माझ्यापेक्षा तुमच्यावर गेलीय, विचारल्याशिवाय काही सांगत नाही. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, आजी दोन हंगाम रानात गेलीच नाही. बोटं वाकली, टिकली चिमटीत धरता येत नाही. टेबलावर चादर टाकलीय. मी म्हटलं, मग लाइलने भरून द्यावीत की. तर म्हणाली, "आई, आजी दुसऱ्याच्या हातचं काडतूस बंदुकीत घालेल का? बाबांनी दिली होती. तिने तशीच परत केली."

ते तर तुमचं वचनच. दुसऱ्याच्या हातचं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. सख्ख्या भावाच्या हातचंसुद्धा. त्याने काय घातलं, त्या वेळी कोण दारात येऊन बोलत होतं, देव जाणे. मीही तेच मानते. मी फक्त तुमच्या हातची उडवली, आणि आता माझ्या.

पण लिहायचं ते हे नाही. शेल्बीला माळावरची ती फाटा फुटलेल्या शिंगांची हरणं मारायला जायचं होतं, तर मी तिला माझी बंदूक दिली आणि माझ्या हातच्या काडतुसांचा डबा. ती घेईल का याचीच मला धास्ती. घेतला. न बघता पिशवीत टाकला. मग ती गाडीत बसली, गाडी चालू केली, आणि मी खिडकीशी जाऊन म्हटलं, "पितळ परत आण."

ती म्हणाली, "काय करायचंय त्या भंगाराचं?"

"भंगार काय भंगार! पितळ आणलंस तरच परत भरून देईन ना. नाही आणलंस तर मला कळणार कसं तुला आणखी हवीत ते?"

आणि आर्डिस, बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. शेल्बी विचारतेय, "आई, काय झालं? आई?" मी म्हटलं, जा तू, जा.

मी तिथेच रस्त्यावर उभी राहिले. सात वर्षं तो डबा पायाला लागतोय.

तुम्ही तेच म्हणत होतात का?

हो की नाही एवढंच लिहा. कोरा कागद पाठवाल तर तिथे येऊन दार ठोकेन.

नोला

---

लुईसटाउन, ८ ऑक्टोबर

आर्डिस,

"लग्न त्याने मोडलं. मी कुठे मोडलं होतं. लोक उभे होते, दुसरं काय बोलणार. पहिल्या दोन वर्षी तुझी भरून ठेवली होती."

ठीक आहे. लिहायला बसले होते, पण सहा ओळी खोडल्या. एवढंच म्हणते की मोठ्या बाईने जरा मोठ्याने बोलावं. आणि छोट्या बाईने जरा कान धुवावेत.

ही चिठ्ठी शेल्बी घेऊन येतेय, कारण भरलेली काडतुसं टपालाने जात नाहीत. तिच्याकडे एक डबा आहे. तो तुमचा. तुमची बंदूक आणि माझी जुळी, म्हणजे साचा एकच, सामान एकच. पितळ ओळखाल. तुमचंच आहे, कॉफीच्या डब्यातलं. सात वर्षांनी परत करतेय. फक्त रिकामं नाही.

मी कशी भरली ते सांगते, नाहीतर तुम्ही डबा उघडणारसुद्धा नाही. टेबल आता भिंतीला बोल्टने जखडलंय. खिडकी उत्तरेला नाही, पण दिवसाच बसले. कॉफी बाहेर. दारूचा डबा एक. फोन गाडीत ठेवला. शेजारी दारात आला तेव्हा हात थांबवले, म्हटलं, "बोल आणि जा." तो घाबरून न बोलताच गेला. एकेक तोललं. काटा थांबेपर्यंत थांबले. प्रत्येकात टॉर्च मारली, सगळं झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मारली. घातली असं वाटत होतं म्हणून नाही. आहे की नाही ते बघायला.

दारू कुठली आणि किती ते एका चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवलंय. ती चिठ्ठी वाचायची की नाही तुम्ही ठरवा. तुमच्या डब्यात तर मला कधी चिठ्ठीच नव्हती.

नाही उडवलीत तर वाईट वाटणार नाही. खोटं. वाटेल. पण नियम तुमचा आहे, मोडायला मी सांगणार नाही.

मी शनिवारी ब्रेक्समध्ये जातेय.

नोला

---

लुईसटाउन, २० नोव्हेंबर

सासूबाई,

कोर्टाने काय काढून घेतलं ते कोर्टाने बघावं. मी असंच लिहिणार.

आधी माझं सांगते, मग तुमच्या पाकिटाचं. एल्क मिळाला. पाच दिवस नुसते पाय तुटले. सहाव्या दिवशी खाली पाण्याच्या घळीत एक नर दिसला, लांब. लाइल असता तर तिथूनच मारला असता आणि मग दोन दिवस शोधत बसला असता. मी बूट काढले. चिखलात मोज्यांवर गेले, मग पोटावर. वास आला, तेव्हा थांबले. माझ्या हातचं एकच काडतूस लागलं. खांदा दुखला की नाही आठवत नाही. तो पडला तिथेच मी खाली बसले आणि रडले, थंडीने. तुकडे करून वर चढवायला शेल्बी आणि तिचे दोन मित्र आले. त्यातला एक मला म्हणाला, "मावशी, तुम्ही एवढ्या जवळ कशा गेलात?" मी म्हटलं, "सासूने शिकवलं." तो हसला. त्याला विनोद वाटला.

काळीज पहिल्या रात्री कांद्याबरोबर तव्यावर. सॉसेज तुमच्यासाठी बाजूला काढलंय, सेजचा पाला घातलेलं, मिरची कमी. दुकानातल्या पुडक्यावर तुमचं नाव घातलं आणि बांधायच्या आधी पुन्हा बघितलं.

आता पाकीट. टपालवाली म्हणाली, "हे खुळखुळतंय." मी तिच्यासमोरच फोडलं. कागदात गुंडाळलेली पितळं. रिकामी. टिकल्यांवर ठोक्याची खूण. तोंडाशी काजळी. मी एक नाकाशी धरलं. पोस्टात चारपाच माणसं होती, बघू दे.

आणि तुमची चिठ्ठी. "हरीण घेतलं, मागच्या कुरणाच्या कडेला. लाथ फारच कमी मारतात. तुझी चिठ्ठी वाचली नाही आणि वाचणार नाही. पितळ परत करते."

तुमच्या खांद्याविषयी मी काहीही बोलणार नाही. थँक्सगिव्हिंगला तुम्ही टेबलावर सगळ्यांना सांगा, म्हातारपणी लाथ लागतच नाही म्हणून. मी बटाटे वाढीन आणि तोंड बंद ठेवीन. बघा जमतं का. अर्धा तास तरी.

पितळं आज मेण लावून, साच्यातून काढून, फळीत उभी केली. भरायला घेतेय. आणि मोजली. वीस दिली होती, एकोणीस आली. एक कमी आहे.

हरवलं म्हणू नका. तुमच्या हातून आजवर एक पितळ गवतात हरवलेलं नाही, मेल्विन टॉर्च घेऊन फिरायचा तुमच्या मागे. ते तुमच्या एप्रनच्या खिशात आहे, मला ठाऊक आहे. टपालाने पाठवायचं नाही. शेल्बीला गाडी घेऊन पाठवतेय गुरुवारी सकाळी, थँक्सगिव्हिंगचं जेवण यंदा माझ्याकडे. खिशात घालून स्वतः घेऊन या.

नोला